दहावीत अडकलेलं पोर: आधी काय करायचं, मग काय

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत पालक यायला लागतात. पिशवीतून प्रगतिपुस्तक काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मॅडम, पोऱ्या आयकस नही." पुढचं मला पाठ झालंय. मोबाइल काढून घेतला, क्लास लावला, मामाला बोलावून दम दिला, शेवटी दोन रट्टेही दिले. आता पुस्तक घेऊन बसतो, पण पान उलटत नाही. म्हणजे करायचं ते बहुतेक सगळं करून झालेलं असतं, फक्त उलट्या क्रमानं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गणित शिकवते. हीच चूक मी स्वतःच्या मुलाबाबत केली, आणि गणिताची शिक्षिका असून केली. म्हणून खाली फक्त क्रम देते. क्लास आणि मोबाइल हे दोन्ही त्यात सहाव्या टप्प्यावर येतात. तोवर त्यांना हात लावायचा नाही.

जून-जुलैत सुरुवात केली तर सगळे टप्पे आरामात होतात. नोव्हेंबरात सुरू करत असाल तर पहिले चार टप्पे तीन आठवड्यांत उरका. जानेवारी उजाडला असेल तर दुसरा आणि तिसरा टप्पा एका आठवड्यात करा आणि थेट सहाव्यावर जा. चौथा परीक्षेनंतर करा, पण करा.

## तयारी: पोराशी बोलण्याआधी

घरातला एकच माणूस ठरवा. ज्याच्याशी पोराचं सगळ्यात कमी वाजतं तो. बहुतेक घरांत ती आई असते, पण काका, मोठी बहीण किंवा शेजारच्या वहिनीही चालतील. बाकी सगळ्यांनी अभ्यास हा विषय दीड महिना काढायचा नाही. आजीला हे समजावणं सगळ्यात अवघड जातं. "तुना बाप तुना येवढा व्हता तवय..." हे वाक्य सुरू झालं की पोर उठून ओट्यावर जातं आणि तुमचे चार दिवस वाया जातात.

एक दोनशे पानी वही आणा. ती तुमच्यासाठी आहे, पोराला दाखवायची नाही.

लग्नाकार्यात विषय बंद. साखरपुड्याच्या पंगतीत "याचं काही खरं नाही" असं हसत हसत म्हटलेलं वाक्य पोर वर्षभर विसरत नाही. चुलतभावाचे टक्केही तिथे काढायचे नाहीत.

## टप्पा १: आठ दिवस फक्त बघा

आठ दिवस काही बोलायचं नाही, फक्त रोज रात्री चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता झोपला आणि उठला, काय आणि किती जेवला, शाळेत खरंच पोचला का, आणि कोणतं काम न सांगता, रमून केलं.

एका आईची वही आठवते. तिचा मुलगा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर रोज झोपायचा आणि आम्ही शिक्षक त्याला सरळ आळशी म्हणून मोकळे झालो होतो. वहीत सातपैकी चार रात्रींपुढे लिहिलं होतं, "लाईट रात्रीची. बापासोबत मोटारवर. पहाटे ४." त्या आठवड्यात शेतीची वीज रात्री होती आणि केळीला पाणी द्यायला बाप त्याला सोबत नेत होता. साप-विंचवाच्या भीतीनं एकट्यानं जायचं नाही म्हणून. पोर अभ्यास टाळत नव्हतं, त्याला झोपच मिळत नव्हती. चुलतभावाशी पाळी लावून घेतली आणि महिन्याभरात ते जागं राहायला लागलं.

चौथी नोंद लोक गाळतात. मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करणं, गोठ्यातल्या गाईचं सगळं बघणं, लग्नाचे व्हिडिओ जोडून देणं, पहाटे भरतीसाठी धावायला जाणं, काहीही असो, लिहा. पाचव्या टप्प्यात ती लागणार आहे.

मुलींच्या बाबतीत जास्त बारकाईनं बघा. मुलगा अडकला की घर डोक्यावर घेतो. मुलगी धुणीभांडी करत गप्प राहते आणि घरच्यांना निकालाच्या दिवशी कळतं.

तपासा: आठव्या दिवशी वही वाचा. त्यात "उद्धट", "कामचुकार", "लक्ष नाही" असे शब्द असतील तर ते खोडा आणि ते दिवस पुन्हा लिहा. परक्या माणसाला डोळ्यांनी जे दिसलं असतं तेवढंच ठेवा.

## टप्पा २: शाळेत एकटे जा

पोराला सोबत घेऊन जाऊ नका. त्याच्यासमोर शिक्षक आणि पालक मिळून त्याची उणीदुणी काढतात, आणि त्या दिवसापासून शाळा आणि घर एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षकांना भेटा आणि वहीत उत्तरं लिहून घ्या.

पहिलं, हजेरी किती? परीक्षेला बसायला ७५ टक्के लागते. पोर रोज एसटीनं निघतं आणि बसस्टँडवरच दिवस काढतं, हे तालुक्याच्या गावांत नवीन नाही. दुसरं, अंतर्गत गुणांचं काय झालं? दहावीत प्रत्येक विषयाची लेखी ८० आणि अंतर्गत २० गुणांची असते. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, गृहपाठाची वही, यातलं काय राहिलंय ते नेमकं विचारा. तिसरं, बोर्डाचा फॉर्म भरला का, त्यात नाव, विषय आणि माध्यम बरोबर आहे का? चौथं, कोणत्या शिक्षकाशी त्याचं जमतं? ते खेळाचे सर असले तरी चालेल. त्यांच्याशी पाच मिनिटं बोलून घ्या.

आणखी एक, सेमी इंग्रजी. गणित-विज्ञान इंग्रजीतून घेतलेलं असतं, घरात अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी आणि पेपर इंग्रजीत. नंदुरबारकडे घरात भिली किंवा पावरी. विज्ञान येत नाही असं वाटणारी माझी निम्मी पोरं प्रत्यक्षात प्रश्नच वाचू शकत नाहीत. माध्यम बदलता येईल का हे फॉर्म भरण्याआधी शाळेला विचारा, नंतर हात बांधले जातात. आणि बदल होवो न होवो, त्याच विषयाचं मराठी माध्यमाचं पुस्तक शेजारी ठेवा. धडे तेच असतात. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पुस्तकं फुकट उतरवता येतात.

सावध: रागाच्या भरात शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. "नाव काढून घेतो, मग कळेल" हे धमकी म्हणूनही बोलू नका, कारण काही पोरांना तेच हवं असतं. एकदा नाव कमी झालं की नियमित विद्यार्थी म्हणून परत बसणं फार अवघड होतं.

## टप्पा ३: अभ्यासाआधी तब्येत

याला लोक हसतात, म्हणून मी हा टप्पा वेगळा केला. डोळे तपासा. फळा न दिसणारं पोर मागच्या बाकावर जाऊन बसतं आणि विचारलं तर "दिसतं" म्हणतं. हिमोग्लोबिन तपासा, मुलींचं तर नक्की. ऐकू नीट येतं का ते बघा. तंबाखू-गुटख्याची पुडी खिशात सापडली तर मारायच्या आधी डॉक्टरांशी बोला. पैसे लावायच्या गेमचा नाद असेल तर तो मोबाइलचा विषय धरू नका, पैशाचा आणि उधारीचा धरा. कोणाचं देणं आहे ते शांतपणे विचारा. उधारीच्या भीतीनं गप्प झालेली पोरं मी पाहिली आहेत.

लहानपणापासून वाचन फार संथ आहे, अक्षरं उलटसुलट होतात, पण बोलायला-हिशोबाला तरतरीत, असं असेल तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्ड जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. प्रमाणपत्र नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयातून मिळतं आणि प्रस्ताव शाळेमार्फत नाशिकच्या विभागीय मंडळाकडे जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं विभागीय मंडळ तेच. यात महिने जातात, म्हणून हे जून-जुलैत सुरू करायचं काम आहे.

सावध, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: दोन आठवड्यांहून जास्त काळ पोर आवडत्या गोष्टीतही रमत नसेल, झोप-भूक बदलली असेल, मित्र तोडले असतील, "मी नसलो तर बरं" अशा अर्थाचं काही बोललं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. तो अभ्यासाचा प्रश्न उरलेला नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट क्रमांक आहे, तो दिवसरात्र चालतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मनोविकार विभागात न्या. आणि फवारणीची औषधं आजच घराबाहेर कुलपात ठेवा. शेतकऱ्याच्या घरात ती सहज हाताशी असतात.

## टप्पा ४: नेमकं कुठे अडकलंय ते शोधा

इथे घाई करू नका. बाकीचे टप्पे एकाला दोन आठवडे लागले, दुसऱ्याला चार, तरी चालतं, हा मात्र नीट व्हायला हवा.

आमच्या मोठ्याचं सांगते. दहावीत गणिताच्या सहामाहीत ८० पैकी ११. मी रोज संध्याकाळी त्याला वर्गसमीकरणं शिकवायची. तो मान हलवायचा. एकदा भाजी निवडताना, म्हणजे शिकवायच्या मनःस्थितीत नसताना, मी पिशवीवरच्या कागदावर सहज लिहिलं: ३/४ + १/६. त्यानं लिहिलं ४/१०. वर तीन आणि एक चार, खाली चार आणि सहा दहा. एका सेकंदात, अजिबात न अडखळता. म्हणजे तो पाचवीपासून अपूर्णांकांची बेरीज अशीच करत होता आणि त्यावर मी महिनाभर वर्गसमीकरणं रचत होते. त्या दिवशी माझं मलाच हसू आलं, आणि नंतर रडूही.

म्हणून ही छोटी चाचणी. पेपरसारखी घ्यायची नाही. स्वयंपाकघरात, ओट्यावर, एका दिवशी एकच.

१. ३/४ + १/६ (उत्तर ११/१२). चुकलं तर पाचवी-सहावीचे अपूर्णांक.
२. −७ + ४ (उत्तर −३). चुकलं तर पूर्णांक संख्या, सहावी.
३. २४० चे १५ टक्के (उत्तर ३६). हे कापसाच्या वजनातल्या कटतीवर विचारलं तरी चालतं. पुस्तकात चुकणारी पोरं तिथे बरोबर सांगतात, आणि तेही लिहून ठेवा.
४. २x + ५ = १७ (उत्तर ६). चुकलं तर सातवीची समीकरणं.
५. सहावीच्या इंग्रजी पुस्तकातल्या दहा ओळी मोठ्यानं. किती शब्द गाळले ते मोजा, टोकू नका.
६. दहावीच्या भूगोलातला एक परिच्छेद मनात वाचून पुस्तक मिटायचं आणि घरच्या बोलीत सांगायचं. अहिराणीत सांगितलं तरी पूर्ण गुण. सांगता आलं तर डोकं शाबूत आहे, फक्त लिहायची मराठी कच्ची आहे. वाचताच आलं नाही तर अडचण खूप मागची आहे.

जिथे पहिली फट सापडेल तिथून सुरू करायचं, भले ते पुस्तक पाचवीचं असो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला सहावीचं पुस्तक हातात धरायची लाज वाटते. मी ते पुस्तक मोबाइलवर उतरवून दिलं. पंधरा दिवस आजी त्याला "सारखा मोबाइल" म्हणून ओरडत राहिली आणि तो अपूर्णांक सोडवत राहिला.

तपासा: वहीत आता "गणित कच्चं" असं मोघम लिहिलेलं नसावं. "छेद वेगळे असले की बेरीज चुकते, चिन्ह बदललं की चुकतं" इतकं नेमकं हवं. तसं झालं नसेल तर पुढे जाऊ नका.

बारावीचं असेल तर याच टप्प्यात एक प्रश्न वाढतो: शाखा कोणी निवडली? दहावीत साठ टक्के, पण "लोक काय म्हणतील" म्हणून सायन्स घेतलेलं आणि आता भौतिकशास्त्र डोक्यावरून जातंय, असं घराघरांत आहे. अकरावीच्या सुरुवातीला शाखा बदलणं सोपं असतं. बारावीत ती बदलणं म्हणजे वर्ष मागं जाणं, तेव्हा तिथे पास होण्याचं गणित मांडा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांची लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं असतं. जर्नल अपुरं असणं हा तिथला सगळ्यात महाग आळस.

## टप्पा ५: आता बोला, एकदाच

समोरासमोर खुर्ची टाकून बोलू नका. मोटारसायकलवर मागे बसलेलं पोर बोलतं. शेताच्या बांधावर, कपाशीच्या ओळीत शेजारी शेजारी वेचताना बोलतं. नजरेला नजर नसली की शब्द फुटतो.

वीस मिनिटं पुरेत. "का अभ्यास करत नाही?" हा प्रश्न नको, त्याला त्याच्याकडेही उत्तर नसतं. "कोणत्या तासाला सगळ्यात जास्त कंटाळा येतो?" असं विचारा. उत्तर आलं की गप्प राहा. मग तुमचं सापडलेलं एका वाक्यात सांगा: "तू दहावीत अडकलेला नाहीस, पाचवीच्या अपूर्णांकांत अडकलायस, दोन आठवड्यांचं काम आहे." आमच्या मोठ्यानं यावर विचारलं होतं, "फक्त तेवढंच?" त्याला वाटत होतं आपलं डोकंच चालत नाही. तो घरात बसून तेच धरून चालला होता.

नंतर तीन गोष्टी त्यानं ठरवायच्या: कोणत्या वेळी बसायचं, कोणत्या विषयानं सुरुवात, आणि कोणाकडून शिकायचं. बसायचं की नाही हे मात्र तुम्ही ठरवलेलं आहे.

"मला शिकायचंच नाही" असं उत्तर आलं तर वाद घालू नका. मग काय करायचंय, ते विचारा आणि पहिल्या टप्प्यातली चौथी नोंद आठवा. पहाटे धावणाऱ्या पोराला साधे आकडे सांगा: पोलीस शिपाई भरतीला बारावी पास लागतं, अग्निवीर जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. स्टार्टर उघडणाऱ्याला आयटीआय दाखवा, प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये नेऊन. बहुतेक ट्रेडला दहावी पास हवं असतं. वेल्डर, सुतारकाम अशा थोड्या ट्रेडला नापासही चालतो, हेही खरं सांगा, लपवू नका. खोटी भीती घातलेली पोराला चार दिवसांत कळते.

दोन चुका इथे सर्रास होतात. एक, "शिकत नाही ना, मग चल वावरात" अशी शिक्षा. वावर ही शिक्षा झाली की उद्या जे पोर खरंच चांगला केळी बागायतदार झालं असतं तेही शेतीकडे तोंड फिरवतं, आणि अभ्यास तर आधीच नको असतो. दोन, "पास हो, गाडी घेऊन देतो." अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय गाडी मिळाल्यावर अभ्यास थांबतो, हे मी सांगायला नको.

सावध: मुलीशी बोलताना "नाहीतर उरकून टाकू" हे वाक्य गमतीतही नको. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे. पण त्याआधी ती मुलगी त्या वाक्यानंतर पुस्तक कशासाठी उघडेल, हा विचार करा. शेजारीपाजारी असं काही ठरत असेल तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो.

## टप्पा ६: रोज चाळीस मिनिटं

चार तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावू नका. रंगीत पेनांनी आखलेली अशी वेळापत्रकं तिसऱ्या दिवशी मरतात. रोज चाळीस मिनिटं, एकाच वेळी, एकाच जागी. पहिली वीस मिनिटं मागच्या यत्तेची फट बुजवायला, दुसरी वीस आजच्या धड्याला. तुम्ही त्याच खोलीत बसा, शेंगा फोडा, हिशोब लिहा, पण टीव्ही नको आणि मान वर करून बघत राहणं नको. दोन आठवडे हे टिकलं तर तास करा.

आता गुणांचं गणित, जे पोराला कोणी सांगत नाही. दहावीला प्रत्येक विषयात १०० पैकी ३५ लागतात. गणिताची लेखी म्हणजे बीजगणित ४० आणि भूमिती ४०, दोन वेगळे पेपर. प्रत्येक पेपरात पहिला प्रश्न ८ गुणांचा आणि दुसरा १२ गुणांचा असतो, आणि त्यात सगळे एक-दोन गुणांचे प्रश्न. म्हणजे अर्धा पेपर छोट्या प्रश्नांचा. त्यातच चौकटी भरायच्या कृती असतात, जिथे निम्मं उत्तर छापलेलंच असतं. कच्च्या पोरानं लांब प्रमेयांवर महिना घालवू नये. सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन, भौमितिक रचना आणि निर्देशक भूमिती आधी. भौमितिक रचनेला तर कंपास नीट धरता आला आणि पेन्सिलीला टोक असलं की गुण मिळतात. ज्याचा हात स्टार्टरवर चालतो त्याचा कंपासवर चालतो, हे मी कितीदा पाहिलंय.

विज्ञान आणि सामाजिक शास्त्रंही ४०-४० च्या दोन भागांत येतात. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि नुसतं बघा, कोणता प्रश्न परत परत येतो. हे काम पोराला द्या, तुम्ही करू नका.

क्लास आता. चौथ्या टप्प्याची वही घेऊन क्लासवाल्याकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: "याला सहावीचे अपूर्णांक शिकवाल का?" "आम्ही पोर्शन संपवतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून परत या. साठ पोरांच्या बॅचमध्ये कच्चं पोर आणखी मागे जातं. गल्लीतली बी.एस्सी.ला असलेली ताई रोज अर्धा तास बसली तर ती जास्त उपयोगाची.

मोबाइलही आता. हिसकायचा नाही. रात्री दहाला घरातले सगळे फोन, तुमचासुद्धा, एकाच ठिकाणी चार्जिंगला. बापाचा फोन अंथरुणात आणि पोराचा कपाटात, असा नियम एक रात्रही टिकत नाही.

तपासा: दर रविवारी पाच मिनिटं. या आठवड्यात सातपैकी किती दिवस बसला, एवढाच आकडा. चार आले तर चांगलं. गुणांबद्दल बोलू नका, ते फार उशिरा हलतात. आमच्या मोठ्याचे पहिले सहा आठवडे गुण जागचे हलले नव्हते.

## टप्पा ७: हंगाम आधीच वहीत मांडा

दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणी येते आणि मजूर मिळत नाहीत, म्हणून पोरं घरी राहतात. वेचणीला नेऊच नका असं मी म्हणणार नाही, तुमचं पोट त्यावर आहे. रविवार आणि सुट्टी ठरवा, शाळेचा दिवस देऊ नका, आणि संध्याकाळची चाळीस मिनिटं वेचणीतही सोडू नका. ऊसतोडीला जाणार असाल तर दहावीचं पोर गावातच कोणाकडे राहील ते दिवाळीच्या पाडव्याआधी ठरवा.

जानेवारी-फेब्रुवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिकं, मग लेखी. २०२५ मध्ये बारावीची लेखी ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. सातपुड्यात होळीआधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आणि होळी नेमकी परीक्षेच्या पेपरांत येते. आश्रमशाळेतून सणाला आलेलं पोर परत गेलंच नाही आणि दोन पेपर बुडाले, असं होतं. हॉल तिकिटावरच्या तारखा आणि होळी एकाच पानावर लिहा.

## टप्पा ८: निकालाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी

निकालाच्या दिवशी पोराला एकटं सोडू नका. ऑनलाइन निकाल तुम्ही सोबत बसून बघा, आणि त्या दिवशी घरात पाहुणे नकोत. आकडा काहीही असो, जेवण नेहमीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जा, कारण मुदती लहान असतात. गुण अगदी थोडक्यात गेले असतील आणि उत्तर बरोबर लिहिल्याची खात्री असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकन त्यानंतरच करता येतं. छायाप्रत विषयाच्या शिक्षकांकडून तपासून घ्या आणि मगच पैसे भरा.

दहावीला एक किंवा दोन विषय गेले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. "वर्ष गेलं" म्हणून घरी बसवू नका. मात्र राहिलेले विषय सोडवावेच लागतात. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, त्यात फक्त गेलेल्या विषयांना बसायचं, पास झालेले तसेच राहतात. फॉर्म शाळेतूनच भरला जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, दुपारी पत्र्याच्या खोलीत कोणी अभ्यास करू शकत नाही. पहाटे पाच ते आठ एवढंच धरा.

शाळा खरंच सुटली असेल तर दोन वाटा आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाचीच परीक्षा देता येते. नोंदणी ऑनलाइन असते, पावसाळ्यातच मुदत जाहीर होते, उशीर झाला तर विलंब शुल्क लागतं. यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो लॅमिनेशन न करता जपा. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस). तिथे पाच विषय, पास व्हायला ३३ टक्के, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आधी बोर्डात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे धरता येतात. एजंट "घरबसल्या पास" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आमच्या मोठ्याला गणितात ४१ पडले. बीजगणिताच्या पेपरात एक बेरीज त्यानं तीनदा करून पाहिली होती, असं घरी आल्यावर सांगितलं. छेद वेगळे होते.